भिंतीवरचा हिरवा

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या दिवाणखान्यात रंगारीकाकांनी भिंतीवर तीन पॅच मारून ठेवले होते. तिन्ही हिरवेच. एक पिस्ता, एक मेंदीकडे झुकणारा, एक शेवाळी. प्रत्येक पॅच हातभर रुंद आणि हातभर उंच, आणि प्रत्येकाला दोन हात दिलेले, कारण एकाच हातात खालच्या पुट्टीचा पांढरा डोकावत राहतो. घराच्या मालकीणबाई सकाळी दहाला आल्या, पिस्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हाच लावा." काकांनी ब्रश खाली ठेवला. "ताई, घाई करू नका. चार वाजता परत बघा, आणि दिवे लागल्यावर आणखी एकदा. मग सांगा."

चार वाजता पश्चिमेचं ऊन तिरपं आत आलं आणि पिस्ता पिवळट, आजारी दिसायला लागला. मेंदी मातकट झाला. सकाळी कोणाच्याच नजरेत न भरलेला शेवाळी मात्र त्या उन्हात उठून आला. जुन्या विहिरीच्या दगडावर ऊन पडल्यावर दिसतो तसा. रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पिस्त्याची उरलीसुरली रया गेली. दवाखान्यातल्या पडद्यासारखा तो भिंतीला लटकल्यासारखा वाटत होता. मालकीणबाई बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं झालं थांबवलंत."

घरात हिरवा आणायचा असेल तर आधी खिडकी बघावी आणि शेड कार्ड नंतर उघडावं, हे मी त्या काकांकडून शिकले. लाल किंवा पिवळा भिंतीवर थोडा इकडचा तिकडे झाला तरी निभावून जातो. हिरवा निभावून नेत नाही. तो उजेडाच्या जिवावर जगतो आणि उजेड बदलला की लगेच बोलतो. असं का होतं, हे समजायला भिंतीपासून थोडं मागे, आपल्याच डोळ्यांत जावं लागतं.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतल्या दोन प्रकारांची संवेदनशीलता हिरव्याच्या आसपास, एकमेकींना खेटून शिखरावर पोचते. त्यामुळे दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा सगळ्यांत जास्त दाद देतो ती ५५५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींना, म्हणजे पोपटीच्या जवळपासच्या हिरव्याला. उजेड ओसरला की हे शिखर निळसर हिरव्याकडे, ५०७ नॅनोमीटरपर्यंत सरकतं. हे पडताळून बघायला प्रयोगशाळा लागत नाही. दिवेलागणीला अंगणातल्या जास्वंदीसमोर उभं राहावं. दुपारी लालभडक दिसणारं फूल काळं पडतं आणि त्याच्याभोवतीची पानं मात्र अजून उजळ दिसत राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बदल नोंदवला, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

इतक्या तयार डोळ्याला हिरव्यातला बारीकसा फरकही चटकन कळतो. शेतकऱ्याची नजर बघा. भाताचं रोप किंचित फिकं पडलं की बांधावरून चालता चालता त्याला कळतं, नत्र कमी पडलंय. भातासाठी पानांच्या रंगाचा तक्ता मिळतो. हिरव्या छटांच्या पट्ट्यांची ती एक फूटपट्टीच असते. पान पट्टीवर ठेवायचं, रंग जुळवायचा आणि युरिया द्यायचा की नाही ते ठरवायचं. आपल्या दुकानातल्या शेड कार्डापेक्षा ते कार्ड कितीतरी जास्त जबाबदारीचं आहे. भाषेनेही हीच नजर टिपून ठेवली आहे. पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, पिस्ता, बाटली हिरवा, हिरवाकंच. साडीच्या दुकानात ही नावं उच्चारली की समोरचा माणूस गठ्ठ्यातून नेमका तो रंग ओढून काढतो. घर रंगवायची वेळ आली की मात्र आपण नुसतं "लाइट ग्रीन" म्हणून मोकळे होतो. माझ्या मते अर्धी चूक तिथेच होते. ज्याला नाव नीट सांगता येत नाही, त्याला हवा तो रंगही मिळत नाही.

या रंगाचे आपल्याकडचे अर्थ पावसाने दिलेले आहेत. वर्षातले सात-आठ महिने पिवळा-तपकिरी असलेला माळ मृगानंतर पंधरा दिवसांत हिरवा होतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला हिरवा म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून लग्नात हिरवा चुडा भरतात, ओटीत हिरवा खण ठेवतात, डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसवतात. वारली लोकांच्या देवांमध्ये तर हिरवा याच नावाचा देव आहे आणि मोरपिसांच्या रूपात तो घरात पुजला जातो. दर्ग्यावरची चादर हिरवी असते, ज्योतिषात बुधाचा रंग हिरवा आणि रत्न पाचू. लोकसभेत हिरवा गालिचा आहे आणि राज्यसभेत लाल. ब्रिटिश संसदेतल्या दोन सभागृहांच्या रंगांची ती परंपरा नव्या संसद भवनातही चालू राहिली.

पण मराठी स्वयंपाकघराला हिरव्याचा दुसरा चेहराही पक्का ठाऊक होता. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की ते कळकतं. कडेला हिरवी-निळी झाक येते, तोंडात घेतलं तर जीभ आखडते, आणि आजी ते ताक मागच्या दारी ओतून देते. आंबट पदार्थाची तांब्याशी गाठ पडली की क्षार तयार होतात आणि ते विषारी असतात. हे रसायनशास्त्र न शिकलेल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं. कल्हईवाल्याची हाक ऐकून घरोघरची भांडी बाहेर यायची ती याच हिरव्याच्या धाकाने. हा धाक पुढे आपल्या कामाला येणार आहे.

रंग म्हणून हिरवा तयार करणं हे जुन्या काळी फार अवघड काम होतं. सभोवती इतकं हिरवं असून ते भिंतीवर किंवा कापडावर टिकवता येत नाही, हे विचित्र वाटतं, पण पानातलं हरितद्रव्य झाडापासून तुटलं की तपकिरी पडतं. म्हणून रंगाऱ्यांनी कापड आधी निळीत बुडवलं आणि मग हळदीसारख्या एखाद्या पिवळ्यात. दोघांत पिवळा आधी उडतो. युरोपातल्या जुन्या भिंतपडद्यांवरची झाडं आज निळी दिसतात ती म्हणूनच. चित्रकार तांब्यावर आम्ल चढवून जंगाल करत. रंग सुरेख यायचा, पण जुन्या पोथ्या उघडल्या तर जिथे जंगालाची हिरवी चौकट आखली होती तिथेच कागद तपकिरी होऊन, जळाल्यासारखा तुटलेला सापडतो. जंगाल हळूहळू कागद खातो.

या सगळ्यांत एक हिरवा मात्र शांतपणे टिकला, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत, १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या विहारांत, झाडांची पानं, वस्त्रं आणि काही आकृत्याही एका मंद हिरव्यात रंगवलेल्या दिसतात. चित्रांतला निळा लाजवर्दी दगडाचा, तो दूर अफगाणिस्तानच्या बाजूने यायचा. हिरवा मात्र इथल्याच मातीचा. दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांच्या आतल्या अंगाला सेलॅडोनाइट नावाच्या खनिजाचा मऊ हिरवा थर धरला. घाटात खडी फोडलेली असते तिथे थांबून बघितलं तर फुटलेल्या दगडाच्या खळग्यात ही हिरवी साल दिसते. नखाने खरवडता येते. तिचा हिरवा लोहामुळे येतो. त्यात कळकण्यासारखं काही नाही, ती उन्हाला भीत नाही, चुन्याला भीत नाही. भाताचं तूस घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन त्यावर ही माती लावली गेली, आणि दीड हजार वर्षांनंतर ती जागेवर आहे. अजिंठ्याचे विहार म्हणजे राहती घरंच होती. भिक्षू तिथे झोपत, बसत, शिकत. घराच्या आतल्या भिंतीवर हिरवा कसा असावा याचा मला माहीत असलेला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत शहाणा दाखला हाच आहे. तो पानासारखा तजेलदार नाही. थोडा राखाडी, थोडा मातकट, दिव्याच्या पिवळ्या उजेडात उबदार होणारा.

युरोपाला मात्र तजेलदारच हवा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीला शहरं वाढली, कारखान्यांच्या धुराने खिडक्या काळवंडल्या, आणि बंद खोल्यांत राहणाऱ्या लोकांना भिंतीवर पानं हवीशी झाली. १७७५ साली स्वीडनमध्ये कार्ल विल्हेल्म शीलने तांबं आणि आर्सेनिक यांच्या संयुगातून एक ताजा, स्वस्त हिरवा तयार केला. आर्सेनिक म्हणजे सोमल. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला त्याचा आणखी भडक भाऊ जन्माला आला. त्याला कोणी पाचूचा हिरवा म्हणे, कोणी पॅरिसचा. पुढची पन्नास-साठ वर्षं हे दोन रंग घराघरांत शिरले. भिंतीचा कागद, पडदे, मेणबत्त्या, कागदी फुलं, मुलींचे झगे, खेळणी, अगदी मिठाईवरची नक्षीसुद्धा.

त्या भिंतींवरचा रंग कागदाला घट्ट चिकटलेला नसे. पडदा घासला, पाठ टेकली, झाडू लागला की भुकटी सुटायची आणि श्वासातून, जेवणातून पोटात जायची. १८३९ सालीच लेओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने इशारा दिला होता की अशा खोल्यांत, विशेषतः ओल असलेल्या खोल्यांत, एक वाईट वास येतो आणि माणसं आजारी पडतात. लंडनमध्ये १८६१ साली कागदी पानांवर ही हिरवी भुकटी चोळण्याचं काम करणारी एक एकोणीस वर्षांची मुलगी वेदनेने तडफडून मेली, आणि वर्तमानपत्रांत त्यावर लिहून आलं. पुढे १८९०च्या दशकात इटलीत बार्तोलोमेओ गोझिओने आर्सेनिक घातलेल्या बटाट्याच्या लगद्यावर बुरशी वाढवून दाखवली, आणि तिच्यातून लसणासारख्या वासाचा वायू निघतो हे सिद्ध केलं. म्हणजे ओल, बुरशी आणि हिरवा कागद एकत्र आले की भिंतच विष सोडू लागते. तो वायू नेमका कोणता, हे फ्रेडरिक चॅलेंजरने १९३०च्या दशकात शोधलं. आज काही शास्त्रज्ञांना वाटतं की माणसं मेली ती त्या वायूपेक्षा भुकटीनेच जास्त. पण पावसाळ्यात ज्यांच्या भिंतीला ओल धरते, काळे डाग पडतात, त्या आपल्यासारख्यांना गोझिओचा तो प्रयोग वाचताना अंगावर काटा येतोच.

नेपोलियन सेंट हेलेना बेटावर १८२१ साली वारला. त्याच्या लाँगवुडमधल्या घरातल्या भिंतीच्या कागदाचा एक तुकडा पुढे तपासला गेला आणि त्यात आर्सेनिक निघालं. त्याचा मृत्यू जठराच्या कर्करोगाने झाला असंच बहुतेक डॉक्टर मानतात, पण दमट बेटावरच्या त्या घरात तो आयुष्याची शेवटची वर्षं या हिरव्याच्या सहवासात होता, एवढं खरं.

मला जास्त लागून राहते ती विल्यम मॉरिसची गोष्ट. फुलं, वेली, पक्षी यांचे इतके जिवंत कागद दुसऱ्या कोणी केले नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातली त्याच्या कंपनीने सजवलेली हिरवी भोजनशाळा आजही बघायला मिळते. घरातली प्रत्येक वस्तू प्रामाणिक हातांनी बनलेली असावी, असं हा माणूस आयुष्यभर सांगत राहिला. त्याची घरची मिळकत आली ती डेव्हनमधल्या एका खाणकंपनीच्या समभागांतून. ती खाण आधी तांब्याची होती, पुढे आर्सेनिकच्या सगळ्यांत मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली, आणि काही वर्षं तो स्वतः तिच्या संचालक मंडळावर होता. १८६४ साली बाजारात आलेल्या त्याच्या जाळीवरच्या गुलाबांच्या कागदाचा नमुना २००३ साली अँड्र्यू मेहार्ग यांनी तपासला, तेव्हा पानांच्या हिरव्यात तांब्याचं आणि आर्सेनिकचं संयुगच सापडलं. मॉरिसला त्या विषाची बातमी पटत नव्हती. त्याच्या कागदांतून आर्सेनिक गेलं ते १८८०च्या दशकात, गिऱ्हाइकं हिरव्याला हात लावेनाशी झाली तेव्हा. ब्रिटनमध्ये त्या कागदांवर बंदी घालणारा कायदा कधी झालाच नाही. घराघरांतल्या बायकांनी आणि डॉक्टरांनी तो रंग भिंतींवरून उतरवला. कळकलेलं ताक ओतून देणाऱ्या आजीची जात तिकडेही होती तर.

याच पॅरिस ग्रीनची भुकटी पुढे डासांच्या अळ्या मारायला डबक्यांवर फवारली गेली. आपल्या देशातही, डीडीटी येण्याआधी, मलेरियाविरुद्ध ती वापरली गेली. दिवाणखान्यातला रंग शेवटी योग्य जागी पोचला.

आपल्या घरांत आर्सेनिकचा हिरवा फारसा नसेल. पण कोकणातली, वाड्यांमधली, चाळींमधली जुनी दारं-खिडक्या आठवा. गर्द हिरवा ऑइल पेंट, थरावर थर, कडेने पोपडे सुटलेला. जुन्या काळच्या या तेली हिरव्यात पुष्कळदा शिसं असायचं, कारण शिशाचा पिवळा आणि प्रशियन निळा मिसळून तो तयार होई. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचं कुठलंही हिरवं दार संशयाने बघायला हवं. आजोळचं दार "मूळ लाकडावर" आणायची हल्ली हौस आहे, आणि ती हौस मला समजते. पण ते दार कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. गॅसच्या ज्योतीने तापवूनही रंग काढू नका. पाणी मारून ओलं घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, ती चिखलभुकटी पोत्यात भरून बाजूला करा, आणि त्या दिवसांत लहान मुलांना त्या घरात ठेवू नका. शिसं मुलांच्या मेंदूला करतं ते नुकसान परत भरून येत नाही.

रुग्णालयातला हिरवा मात्र खरोखर विचार करून आणला गेला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेच्या खोल्या पांढऱ्याशुभ्र असत. तीव्र दिव्याखाली त्या पांढऱ्यावर डोळे दिपत. शिवाय बराच वेळ रक्ताकडे बघून नजर वर केली की पांढऱ्या भिंतीवर त्याच आकाराची हिरवट भुतं तरळत. लालाला दमलेल्या पेशी थोडा वेळ गप्प राहतात आणि डोळा उलटा रंग दाखवतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन या शल्यविशारदाने १९१४ साली आपल्या शस्त्रक्रियागृहाची जमीन आणि भिंतींचा खालचा भाग पालकाच्या रंगाचा करून घेतला. हिरव्या पार्श्वभूमीवर ती भुतं विरून जातात आणि रक्ताचा लाल अधिक स्पष्ट दिसतो. तिथून हा रंग डॉक्टरांच्या अंगरख्यांत गेला, पडद्यांत गेला, आणि मग कारण विसरून नुसती सवय म्हणून सरकारी दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या, शाळांच्या अर्ध्या भिंतीपर्यंत पोचला. पिस्त्याला आपल्या मनात जो औषधाचा वास चिकटला आहे तो तिथला. म्हणूनच तो रंग घरात लावताना दहादा विचार करावा, असं मी म्हणते.

रुग्णाला बरं वाटतं ते वेगळ्या हिरव्याने. रॉजर उल्रिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या ४६ रुग्णांची तुलना केली. सगळ्यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. एका छोट्या अभ्यासावर फार मोठी इमारत उभारू नये, हे मान्य. पण घराचं काम घेताना मी पहिल्यांदा विचारते ते हेच, की कुठल्या खिडकीतून झाड दिसतं, आणि त्या खिडकीसमोर तुम्ही कपाट तर ठेवलेलं नाही ना?

आता भिंतीकडे परत येऊ.

जून ते सप्टेंबर कोकणातल्या घरात जो उजेड येतो तो पानांतून गाळून आणि गवतावरून उसळून आलेला असतो. तो मुळातच हिरवा. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर तो आपोआप उमटतो. अशा घरात आत आणखी हिरवा लावला तर पावसाळ्यात खोल्या तळ्याच्या बुडाशी असल्यासारख्या होतात. तिथे पांढरा, फिका पिवळा किंवा गेरूकडे झुकणारा रंग असावा, आणि हिरवा बाहेरून येऊ द्यावा. लातूर-सोलापूरकडे, जिथे एप्रिलमध्ये बाहेर बघवत नाही, तिथे उन्हातून आत आलेल्या डोळ्याला शेवाळी भिंत खरोखर निववते. त्याने खोलीचं तापमान मात्र उतरत नाही. त्यासाठी गच्चीला पांढरा लावावा लागतो.

मुंबईचं दुखणं निराळं. खिडकीसमोर सहा फुटांवर शेजारची इमारत, दुपारी बारालाही दिवा. अशा खोलीत लोक फिका हिरवा मागतात, "उजळ दिसेल" म्हणून. उजेड कमी असला की फिका रंग राखाडी पडतो, आणि फिका हिरवा सगळ्यांत आधी. तिथे मी उलट गडद, बाटलीकडचा हिरवा एकाच भिंतीला सुचवते आणि दोन-तीन पिवळसर दिवे खाली, बैठकीच्या उंचीवर लावते. सागवानी खुर्ची, पितळेचा दिवा, तांब्याची घागर, लाल काठाची चादर त्यासमोर झळाळून उठते, कारण लाकडाचा तांबूस हिरव्याच्या थेट समोरचा रंग आहे. पैठणीत लालाशेजारी हिरवा ठेवणाऱ्या विणकराला हे पाठ होतं.

शेड कार्डावरचा चौकोन आणि खोलीतली भिंत यांत आणखी एक फरक पडतो. चार भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, आणि प्रत्येक फेकीत हिरवा अधिक गाढ होतो. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी मुलांची खोली चारही बाजूंनी पोपटी केली होती. कार्डावर कोवळ्या पानासारखा दिसणारा तो रंग खोलीत अंगावर यायला लागला, आणि मुलांचे चेहरेही हिरवट दिसत. सहा महिन्यांत तीन भिंती परत पांढऱ्या केल्या. तेव्हापासून कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक घर फिकी आणि एक घर राखाडी छटा मी निवडते. आरशाच्या समोरची भिंत हिरवी करत नाही, कारण तिचा उजेड थेट तोंडावर येतो. ओट्याच्या वरची भिंतही नाही; हिरव्या झाकेखाली बटाट्याची भाजी शिळी दिसते आणि पोळीचा खरपूसपणा जातो.

आणि जमीन बघा. मराठी घरांत कोटा फरशी इतकी सवयीची की ती हिरवट आहे हेच आपण विसरतो. पॉलिश केलेल्या कोट्यावर सकाळी पाणी सांडलं की तिचा खरा रंग वर येतो, राखाडी-हिरवा, थोडा निळ्याकडे. तिच्याशेजारी पिवळसर पोपटी भिंत भांडते. शेवाळी आणि मेंदी सुखाने नांदतात. तिच्याही आधी मातीच्या जमिनी होत्या. ताज्या शेणाने सारवलेल्या जमिनीला ओली असताना जी हिरवी झाक असते, ती वाळेपर्यंत तासभर टिकते. माझ्या लेखी मराठी घरातला पहिला हिरवा तोच.

कुंड्यांबद्दल दोन शब्द. स्नेक प्लांट आणि मनी प्लांट हवा शुद्ध करतात, असं सांगून विकले जातात. १९८९ साली नासाने केलेले प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये होते. २०१९ सालच्या एका आढाव्यात असे जुने प्रयोग खऱ्या घराच्या हवेशी ताडून पाहिले, तेव्हा उघड्या खिडकीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा, आणि काही बाबतीत शेकडो झाडं लागतील असं निघालं. तरी झाड ठेवावंच. रंगवलेली भिंत एकाच हिरव्याची असते. झाडात कोवळं पान, जून पान, पानाची पाठ, देठ असे आठ-दहा हिरवे असतात, आणि खिडकीकडे तोंड करून ते रोज थोडे बदलतात. डोळ्याला जो बारीक फरक ओळखण्याची भूक आहे ती तिथे भागते.

पुण्यातल्या त्या घराला शेवटी शेवाळीच लागला, पश्चिमेच्या उन्हासमोरच्या एकाच भिंतीला, बिनचकाकीचा. काम संपल्यावर काकांनी उरलेला पाव लिटर रंग लहान डब्यात गाळून भरला. झाकणावर खिळ्याने कोरून शेडचा नंबर लिहिला, तारीख लिहिली, आणि खाली "हॉल, खिडकीसमोर" असं लिहिलं. मालकीणबाईंना म्हणाले, "ताई, हा जपून ठेवा. कुठे खरचटलं तर यातलाच लावायचा. नंबर तोच सांगितला तरी पुढचा डबा केसभर वेगळा येतो, आणि हिरव्यात तो केस दिसतो."